मधली सीट रिकामी ठेवायचे पैसे

युरोपात नोकरीला आलेल्या मराठी इंजिनियरांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये वर्षभर राहा, एक फोटो नक्की दिसेल. विमानातलं छोटं टेबल, त्यावर काचेचा ग्लास, चिनी मातीच्या बशीत चीजचे दोन तुकडे आणि मागे खिडकी. खाली लिहिलेलं असतं, 'शेवटी घेतलंच!' मग कोणीतरी विचारतो, 'दीड तासासाठी वर्थ आहे का रे?' आणि धडाधड उत्तरं येतात. बहुतेकांचा सूर एकच असतो : 'एकदा अनुभव घ्यायला काय हरकत आहे? कमावतो कशासाठी?'

माझं उत्तर 'नाही' असं आहे. काटकसरीचे धडे द्यायला मी हे लिहीत नाहीये. पैसे तुमचे आहेत, खुशाल उडवा. पण ज्याला आपण 'वरचा दर्जा' म्हणतोय त्यात नेमकं काय मिळतं, ते एकदा मोजून तर बघा. मी तीन वर्षांपासून फ्रँकफर्टला असतो. मूळचा गोंदिया जिल्ह्यातला, बिरसीच्या विमानतळापासून सात किलोमीटरवरच्या गावचा. आणि या प्रश्नाचं सगळ्यात चोख उत्तर मला लंडन-पॅरिसमध्ये न मिळता बिरसीच्या धावपट्टीवर मिळालं. तिथे येतोच, पण आधी माल तपासू.

लांब पल्ल्याच्या विमानात बिझनेस क्लास म्हणजे आडवी होणारी खुर्ची. मुंबई ते फ्रँकफर्ट रात्रभर झोपून जाता येतं. त्याची किंमत अवाच्या सवा असेल, पण वस्तू खरी आहे. युरोपातल्या युरोपात उडणाऱ्या विमानात मात्र तसं काही नसतं. लुफ्तान्सा घ्या, एअर फ्रान्स घ्या, ब्रिटिश एअरवेज घ्या. एअरबस ए३२० च्या एका ओळीत सहा सीट असतात, डावीकडे तीन, उजवीकडे तीन. पुढच्या काही ओळी बिझनेस क्लासच्या. त्या ओळींतली सीट मागच्यासारखीच, रुंदी तीच, आणि बहुतेक विमानांत पाय ठेवायची जागाही तीच, साधारण ३० इंच. फरक एवढाच की मधल्या सीटवर कोणाला बसवत नाहीत. मागे एक पडदा असतो, आणि तो सरकवता येतो. बिझनेसची तिकिटं जास्त खपली की पडदा दोन ओळी मागे, कमी खपली की पुढे. म्हणजे सकाळी जी सीट इकॉनॉमी होती तीच संध्याकाळी बिझनेस. सीटला काहीही झालेलं नसतं, पडदा हलला एवढंच. पूर्वी काही कंपन्यांकडे तीन सीटच्या दोन रुंद सीट करण्याची सोय तरी होती. आता बहुतेकांनी तीही काढून टाकली.

आता हिशोब. सहा जणांच्या ओळीत चार जण बसले, तर प्रत्येकाने दीड सीट वापरली. न्यायाने भाडंही दीडपट हवं, वर जेवणाचे, बॅगेचे आणि लाउंजचे थोडे. प्रत्यक्षात अनेकदा दुप्पट, तिप्पट मागतात. हा वरचा पैसा कशाचा, ते कोणी सांगत नाही.

'पण जेवण मिळतं ना.' मिळतं. कंपनीच्या तिकिटावर मी फ्रँकफर्टहून मिलानला असा गेलोय. एकूण उड्डाण सव्वा तासाचं. त्यातली वीसेक मिनिटं वर चढण्यात जातात, तेवढीच खाली उतरण्यात. उरलेल्या अर्ध्या तासात ट्रे येणार, तुम्ही खाणार, ट्रे परत जाणार. आजूबाजूचे सगळे असे भराभर चावत होते की शाळेच्या मधल्या सुट्टीची आठवण यावी. यात दोष कर्मचाऱ्यांचा नाही. अर्ध्या तासात राजेशाही बसवता येत नाही, एवढंच.

दर्जा नेहमी तासांवर ठरतो, आणि ही गोष्ट गोंदियाच्या माणसाला कोणी शिकवायला नको. आमच्याकडून मुंबईला जाणारी विदर्भ एक्सप्रेस घ्या. जवळपास १६ तास. मे महिन्यात त्या गाडीत स्लीपर आणि थर्ड एसी यांतला फरक काय असतो, ते जळगाव-भुसावळ पार केलेल्या कोणालाही विचारा. ते जास्तीचे पैसे वसूल होतात. बिलासपूर-नागपूर वंदे भारतही गोंदियाला थांबते. तिच्या साध्या चेअर कारमध्ये ओळीत पाच सीट, एक्झिक्युटिव्हमध्ये चार, आणि त्या वेगळ्या, रुंद, फिरणाऱ्या. महाग आहे, पण सीट खरोखर बदलते. गोंदियाहून नागपूरला जायला, दोन तासांसाठी, ती घ्यावी असं मी म्हणणार नाही. पण रेल्वे निदान पडदा सरकवून दर्जा बनवत नाही.

युरोपातल्या कायद्यालाही हे कळलंय. विमान तीन तास किंवा त्याहून उशिरा पोचलं आणि चूक कंपनीची असली, तर २६१/२००४ या युरोपीय नियमानुसार १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो भरपाई मिळते. ही रक्कम अंतरावर ठरते. तुम्ही पडद्याच्या पुढे बसला होता की मागे, याच्याशी तिचा संबंध नाही. गेलेल्या तीन तासांची किंमत दोघांना सारखी. बिझनेसचं तिकीट असून तुम्हाला मागे बसवलं तर वेगळा परतावा आहे. या अंतराला तो तिकिटाच्या ३० टक्के. कंपनी दुप्पट भाडं घेते आणि कायदा त्या फरकाची किंमत ३० टक्के धरतो. मला तर यातच सगळं उत्तर दिसतं.

आता तुमचे आक्षेप. लाउंज? ज्याला विमानतळावर चार तास काढायचेत त्याला उपयोगी. पण चार तास आधी पोचून लाउंज वसूल करणारे लोक मी पाहिलेत, आणि सव्वा तासाच्या प्रवासासाठी ते चार तास कुठल्या हिशोबात धरायचे, ते त्यांनाही सांगता येत नाही. सुरक्षा तपासणीची वेगळी रांग? ती बऱ्याच विमानतळांवर सुटी विकत मिळते. जास्तीची बॅग, पुढची सीट, तारीख बदलायची मुभा, हे सगळं सुटं मिळतं. हवं ते घ्या, बाकी सोडा. मुंबईहून येताना सलग एकच बिझनेसचं तिकीट असलं आणि शेवटचा टप्पा त्यातच आला, तर प्रश्नच नाही, बसा. कंपनी पैसे देत असेल तरी बसा. पण 'कंपनी देते' याचा अर्थ 'ते मोलाचं आहे' असा होत नाही. कंपनी टीम-बिल्डिंगच्या दोरीच्या उड्यांचेही पैसे देते.

आणि ज्यांना वाटतं की दर्जा नसेल तर धंदा चालणार नाही, त्यांनी रायनएअरकडे बघावं. युरोपात सर्वाधिक प्रवासी नेणारी ही कंपनी. तिच्यात बिझनेस क्लासच नाही. लोक तिला शिव्या घालतात आणि तिच्यातूनच जातात.

आता हे सगळं भारतात यायला लागलंय. वर्षानुवर्षं एकाच दर्जाची विमानं उडवून मोठ्या झालेल्या इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' आणलं. ओळीत सहाऐवजी चार रुंद सीट. निदान सीट तरी वेगळी आहे, हे मान्य. सरकारनेही २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवरचा जीएसटी ५ टक्केच ठेवून बिझनेसवरचा १२ वरून १८ टक्के केला. पण रील बघून बघून आपल्या मनात विमानप्रवासाची जी कल्पना तयार होतेय, तिच्यात पडद्याच्या पुढे जाणं हीच प्रगती आहे. तिला माझा विरोध आहे, आणि म्हणून आता बिरसी.

बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी १९४० च्या सुमारास, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. पुढे ती वाढवून २३०० मीटर केली गेली. त्यासाठी आजूबाजूच्या गावांची शेती गेली, घरं गेली, आणि पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला. मग तिथे वैमानिक घडवणारी नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आली. आमच्या पिढीने धानाच्या बांधीत उभं राहून दिवसभर डोक्यावर घिरट्या घालणारी छोटी विमानं पाहिली. विमान आमच्यासाठी रोजचं होतं. त्यात बसणं मात्र नव्हतं.

प्रवासी विमान आलं ते १३ मार्च २०२२ ला. फ्लायबिग कंपनीचं इंदूर-गोंदिया-हैदराबाद, 'उडान' योजनेखाली. काही महिन्यांतच ते बंद पडलं. मग वर्षाहून जास्त काळ धावपट्टीवर पुन्हा फक्त शिकाऊ वैमानिक. १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोचं हैदराबादचं विमान सुरू झालं, पुढे तिरुपतीला जोडणारं.

या दोन्ही कंपन्यांनी इथे आणलेलं विमान होतं एटीआर-७२. पंख्यांचं, सत्तर-ऐंशी सीटचं. आणि त्यात ओळीत चारच सीट असतात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. मधली सीट नसतेच. प्रत्येकाला एकतर खिडकी, नाहीतर पॅसेज. म्हणजे युरोपात ज्या एका गोष्टीसाठी दुप्पट पैसे घेतात, ती बिरसीत सगळ्यांना साध्या तिकिटात मिळत होती. तिरुपतीला निघालेल्या म्हातारीला, तिच्या नातवाला, राईस मिलवाल्याला, हैदराबादच्या आयटीतल्या पोराला. लुफ्तान्साच्या भाषेत बोलायचं तर अख्खं विमान बिझनेस क्लास! आणि कोणी फोटो टाकून 'शेवटी घेतलंच' असं लिहिलं असेल, तर ते विमानाबद्दल लिहिलं असेल. पडद्याबद्दल नाही, कारण पडदाच नव्हता.

मग बिरसीत काय कमी होतं? भरवसा. आज असलेलं विमान पुढच्या दिवाळीत असेल का, याचा. मी घरी यायचं तिकीट पाच महिने आधी काढतो. एवढ्या आधी मी बिरसी धरत नाही, नागपूर धरतो आणि पुढे रेल्वेने येतो. धावपट्टी घरापासून सात किलोमीटरवर असून.

ही एकट्या बिरसीची गोष्ट असती तर सोडून दिली असती. 'उडान'चं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली उडालं. तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपयांची मर्यादा, निम्म्या सीट त्या दराने, आणि तीन वर्षं तोटा भरून द्यायची हमी. कॅगने २०२३ मध्ये या योजनेचा हिशोब मांडला. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ५४. शंभरातले सात.

कोणी म्हणेल, पुढच्या सीट महाग विका म्हणजे मागच्यांचा मार्ग टिकेल. कोल्हापूर, नांदेडला जोडणारी स्टार एअर तिच्या ७६ सीटच्या एम्ब्रेअरमध्ये १२ सीट बिझनेसच्या ठेवतेच. त्याने छोट्या गावाचं विमान टिकत असेल तर मी त्या १२ जणांना हात जोडीन. पण मग ते तसं सांगा. 'तुम्ही जास्त देताय कारण हा मार्ग चालू राहायला हवा' असं तिकिटावर छापा. विकताना मात्र विकतात तो फक्त वेगळेपणा.

वेगळेपणाची ही चटक आपल्याला नवी नाही. आमच्याकडे लग्नात अजूनही मोठ्या पाहुण्यांसाठी बाजूला खुर्च्या-टेबलं मांडतात, बाकीचे पंगतीला. वरण दोघांना एकाच गंजातलं. तिथे बसलेला माणूस वरणाची चव सांगत नाही, आपण कुठे बसलो होतो ते सांगतो. सव्वा तासाचा बिझनेस क्लास हे तेच टेबल आहे. गावात ते फुकट मिळायचं आणि आपल्याला त्याची चीड यायची. इथे आपण कार्ड घासून ते विकत घेतो आणि अभिमानाने फोटो टाकतो.

मला विमान कंपन्यांकडून हवी असलेली चैन वेगळी आहे. बिरसीतून रोज एक विमान, सगळ्या सीट सारख्या, आणि वेळापत्रक असं की दिवाळीचं तिकीट जूनमध्ये काढता येईल. त्या भरवशासाठी दुप्पट भाडं मागा. मी देतो, आणि माझ्या पुढेमागे कोण बसलंय ते विचारणारही नाही.