फिशर : सुरीची घाई नको, तपासणीला उशीरही नको

ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर दिवसाचे बारा तास बसणारा चालक, बाळंतपणाला दोन महिने झालेली सून, नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक. या तिघांत साम्य काय? तिघांनाही शौचाला जायचे म्हटले की घाम फुटतो. काच चिरावी तशी वेदना होते, नंतर तासन्‌तास आग होते, कागदावर लाल रक्ताची रेघ दिसते. तिघेही घरी सांगतात, ‘मूळव्याध झालीय.’ ती मूळव्याध असतेच असे नाही. पुष्कळदा ते फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर असते.

कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या ‘सीपीआर’मध्ये, शहराबरोबरच कोकण आणि सीमाभागातूनही रुग्ण येतात. शस्त्रक्रिया विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत एक गोष्ट सहज दिसते. माणूस आधी लाजेपोटी दुखणे अंगावर काढतो, मग भिंतीवरची ‘बिनटाका, बिनवेदना, एका दिवसात घरी’ अशी जाहिरात वाचून थेट शस्त्रक्रियेची तारीख घेतो. मधली पायरीच गाळली जाते. फिशरच्या बहुसंख्य रुग्णांचा इलाज असतो तो नेमका त्या मधल्या पायरीवर.

चीर भरत का नाही?

कडक मल जाताना गुदद्वाराच्या नाजूक त्वचेला चीर पडते. दहापैकी सुमारे नऊ जणांत ती मागच्या बाजूला, मध्यरेषेवर असते. स्त्रियांत काही वेळा पुढच्या बाजूलाही असते. वेदनेमुळे आतला गोल स्नायू आवळतो. या स्नायूवर आपला ताबा नसतो. तो आवळला की चिरेला होणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही. दुखेल म्हणून रुग्ण शौच टाळतो, मल आणखी कडक होतो, चीर पुन्हा उघडते. सगळे उपचार हे चक्र कुठेतरी तोडण्यासाठीच असतात.

सहा आठवड्यांच्या आतले फिशर ताजे समजले जाते. त्यानंतर कडा जाड होतात आणि बाहेर कातडीची छोटी गाठ येते. रुग्ण तिलाच ‘कोंब’ म्हणतो आणि मूळव्याधीचे औषध आणतो.

आधी काय करायचे?

ताज्या फिशरमध्ये निम्म्याहून अधिक रुग्ण साध्या उपायांनी बरे होतात. भरपूर पाणी, रोज 25 ते 30 ग्रॅम तंतुमय आहार, गरज पडल्यास इसबगोल किंवा मल मऊ करणारे औषध, आणि शौचानंतर दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसणे. ज्वारी-नाचणीची भाकरी, पालेभाजी, सालीसकट फळे आणि उसळी आपल्याकडे महाग नाहीत. मिसळीतली मटकी चालेल. वरचा झणझणीत कट आणि तांबडा रस्सा मात्र काही आठवडे बाजूला ठेवावा. तिखटाने चीर पडत नाही, पण पडलेल्या चिरेची आग वाढते. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बाळंतिणीने गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारून मल मऊ ठेवावा.

एवढ्याने भागले नाही तर मलमे आहेत. नायट्रोग्लिसरीन किंवा डिल्टियाझेमचे मलम आवळलेला स्नायू सैल करते. ते सहा ते आठ आठवडे, चिकाटीने लावावे लागते. चार दिवस लावून ‘गुण नाही’ म्हणणारे रुग्ण खूप. नायट्रोग्लिसरीनने बऱ्याच जणांचे डोके दुखते. डिल्टियाझेमने हा त्रास कमी होतो. मलमाची मर्यादाही सांगायला हवी. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात नायट्रोग्लिसरीनने सुमारे 49 टक्के, तर औषध नसलेल्या मलमाने सुमारे 36 टक्के रुग्ण बरे झाले होते. बरे झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढे पुन्हा त्रास झाला. बोटॉक्सचे इंजेक्शन हा आणखी एक पर्याय आहे. त्याचा परिणाम काही महिन्यांनी ओसरतो आणि ते महागही पडते.

शस्त्रक्रिया कधी?

दोन महिने नीट उपचार करूनही चीर भरली नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार योग्य ठरतो. आतल्या स्नायूचा थोडा भाग बाजूने कापून तो सैल करतात. ‘लॅटरल इंटर्नल स्फिंक्टरोटॉमी’ या नावाची ही शस्त्रक्रिया छोटी आहे आणि शंभरातील नव्वदहून अधिक जण तिने बरे होतात. त्याच कॉक्रेन आढाव्यानुसार कोणतेही औषध तिच्या जवळपास पोहोचत नाही.

पण कापलेला स्नायू पुन्हा जोडता येत नाही. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांचा 2013 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात सुमारे 14 टक्के रुग्णांत ताब्याची काहीतरी तक्रार आढळली. बहुतेकांत ती वायू न रोखता येणे किंवा कपड्याला डाग लागणे एवढीच होती. घट्ट मलावरचा ताबा जाण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत होते. ज्या स्त्रीच्या बाळंतपणात स्नायूला इजा झाली आहे, ज्यांचे वय जास्त आहे किंवा ज्यांची आधी अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यात हा धोका वाढतो. अशा रुग्णांत स्नायू न कापता शेजारची त्वचा सरकवून चीर झाकता येते.

भूल देऊन बोटांनी गुदद्वार ताणण्याची जुनी पद्धत अजूनही काही ठिकाणी चालते. तिच्यात स्नायू किती आणि कुठे फाटतो यावर नियंत्रण राहत नाही, म्हणून ती टाळलेली बरी. लेझरबद्दलही स्पष्ट असावे. लेझर हे कापण्याचे हत्यार आहे. स्नायू लेझरने कापला तरी तो कापलेलाच असतो, आणि ताबा जाण्याचा धोका हत्याराच्या नावाने टळत नाही.

वाद कुणाचा, भार कुणावर?

नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या अधिसूचनेने आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शल्य आणि शालाक्य शाखांसाठी 58 शस्त्रक्रिया नमूद केल्या. त्यांत मूळव्याध, फिशर आणि भगंदर यांच्या शस्त्रक्रियाही होत्या. विरोधात इंडियन मेडिकल असोसिएशनने 11 डिसेंबरला बंद पाळला. या शस्त्रक्रिया आयुर्वेदात आधीपासूनच होत असल्याचे आयुष मंत्रालयाचे म्हणणे होते. भगंदरावरील क्षारसूत्राची भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने चाचणी घेतली होती. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार जखम भरायला वेळ अधिक लागला, पण आजार उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा कमी होते. म्हणजे प्रश्न शाखेपेक्षा पुराव्याचा आणि प्रशिक्षणाचा आहे. खरा धोका दोन्ही शाखांच्या बाहेर आहे. नोंदणी नसताना खोली भाड्याने घेऊन ‘मूळव्याध-भगंदर’चे इंजेक्शन देणाऱ्यावर महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायदा, 1961 खाली कारवाई होऊ शकते. पण रुग्ण लाजेने तक्रारच करत नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा आहे. आरोग्य विमा साधारणपणे दाखल होण्याचे आणि शस्त्रक्रियेचे पैसे देतो. बाह्यरुग्ण विभागातल्या तपासणीचे आणि आठ आठवड्यांच्या मलमाचे देत नाही. राज्य सरकारने 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि ती सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्ह आहे. पण तिचाही भर दाखल करून करायच्या उपचारांवरच आहे. जिथे मलमाचे पैसे खिशातून आणि शस्त्रक्रियेचे विम्यातून जातात, तिथे रुग्ण आणि डॉक्टर दोघांचाही कल सुरीकडे झुकणार. नियमित बाह्यरुग्ण उपचार योजनेत आणले, तर कित्येक शस्त्रक्रिया टळतील.

तोवर रुग्णाने तीन प्रश्न विचारावेत. हे फिशरच आहे का? मलम पुरेसे दिवस लावून झाले का? माझ्या बाबतीत ताबा जाण्याचा धोका किती? आणि काही लक्षणे असतील तर तपासणी लांबवू नये. चीर मध्यरेषेवर नसणे, एकाहून अधिक चिरा असणे किंवा न दुखणारी चीर असणे यामागे क्षयरोग, क्रोन्सचा आजार, एचआयव्ही किंवा कर्करोग असू शकतो. वजन घटणे, शौचाची सवय बदलणे, चाळिशी-पंचेचाळिशीनंतर नव्याने रक्त जाणे, अशा वेळी ‘मूळव्याधच असेल’ असे समजून वर्ष घालवणे महागात पडते. ही तपासणी पाच मिनिटांत होते, आणि डॉक्टरांसाठी ती रोजचीच असते.