माल आणि माणूस

परवा तासिका संपल्यावर बी. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला व्हरांड्यात गाठले आणि मोबाईलवरील एक चित्रफीत दाखविली. एक अमेरिकन तरुण पाठीवर पिशवी टाकून हलत्या मालगाडीच्या उघड्या वाघिणीत चढतो आणि तिकिटाचा पैसा न मोजता अर्धा देश पाहून येतो, असा तिचा विषय. "सर, आपल्याकडे असे जमेल का?" हा त्याचा प्रश्न. रेणापूर गावाला रेल्वे नाही. परंतु तालुक्यातील पानगावास स्थानक आहे, आणि हा मुलगा त्याच बाजूचा असल्याने मालगाड्या पाहतच वाढलेला. तेव्हा प्रश्न अगदीच हवेतला नव्हता.

मी त्याला शिक्षकी उत्तर दिले. गाडीच्या जो भाग प्रवाशांसाठी नाही त्या भागातून, मनाई केल्यावरही, प्रवास करणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १५६ व्या कलमान्वये गुन्हा आहे. शिवाय विद्युतीकरण झालेल्या मार्गावर डोक्यावरील तारेत पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो. तारेला हात लावावा लागत नाही. वाघिणीच्या टपावर उभे राहून तिच्या जवळ गेले तरी पुरे होते. भरलेली गाडी सुटताना वा थांबताना वाघिणींच्या जोडांतून जो हिसका धावत जातो, तो बसलेल्या माणसास खाली फेकू शकतो. मुलाने सारे निमूटपणे ऐकून घेतले आणि सहज म्हणाला, "तसं मालावर बसून आम्ही दरसाल जातोच की, सर. दिवाळी झाली की ट्रकमधून." त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. बारावीपर्यंत तोही त्यांच्याबरोबर फडावर जाऊन येत असे.

माझे उत्तर तेथे संपले.

मालगाडीने देश पाहण्याची ही हौस जेथून आली, तेथेही तिचा जन्म हौसेतून झालेला नाही. १९२९ च्या महामंदीत अमेरिकेतील कारखाने बंद पडले, शेतमालाचे भाव कोसळले आणि कामाच्या शोधात निघालेली माणसे मालगाड्यांवर चढली. त्यांत किशोरवयीन मुलामुलींचीच संख्या अडीच लाखांच्या घरात असावी, असा अंदाज केला जातो. रेल्वेच्या पहारेकऱ्यांच्या लाठ्या त्यांनी खाल्ल्या, कित्येकांचे हातपाय चाकाखाली गेले. पुढे या भटक्यांवर गाणी रचली गेली, पुस्तके आणि चित्रपट निघाले; भूक मागे पडली आणि अंगावर येणारा वारा तेवढा शिल्लक राहिला. मध्य अमेरिकेतील स्थलांतरित आजही मेक्सिकोतील मालगाड्यांवर बसून उत्तरेकडे जाण्याचा प्रयत्न करतात. त्या गाडीला त्यांनी दिलेले नाव 'श्वापद' असे आहे. हौशी मुसाफिराला कंटाळा आल्यास घरी परतता येते, यांना येत नाही.

आपल्याकडे माणूस मालाच्या डब्यात बसला तो बहुधा बसविला गेला म्हणून. इंग्रजी अमदानीत यात्रांच्या गर्दीत भाविकांना मालडब्यांत भरून नेण्याची रीत होती व तिच्याविरुद्ध तक्रारी होत असत. मात्र याच इतिहासात एक सभ्य तडजोडही होती. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ साली आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. मालाच्या वाघिणी आणि प्रवाशांचे डबे एकाच इंजिनाला जोडलेली गाडी अशा मार्गांवर सर्रास चाले; जुनी माणसे तिला 'मिक्स' म्हणत. आषाढीला तिच्या टपावरही माणसे असत, आणि लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून प्रस्तुत लेखकानेही तो गुन्हा केलेला आहे. गाडी रखडे, स्थानकास्थानकावर वाघिणी काढीत-जोडीत बसे. पण तिच्यात गरिबाला तिकीट काढून, कायदेशीरपणे, आपल्या बोचक्यासह बसता येत असे. या शतकाच्या पहिल्या दशकात मार्गाचे रुंदीकरण झाले. ते आवश्यकच होते. 'मिक्स' मात्र सगळीकडूनच दिसेनाशी झाली.

याच रुंद झालेल्या मार्गावरून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी आले. मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलच्या पहाटे पोहोचली, तेव्हा स्थानकावर लोक जमले होते. वाघिणी कोट्याच्या कार्यशाळेत वाफेने धुऊन घेतल्या होत्या, पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. मनात आणले म्हणजे शासन आणि रेल्वे किती थोड्या दिवसांत काय करू शकतात, हे लातूरकरांनी घशाने अनुभवले आहे.

चार वर्षांनी, ८ मे २०२० रोजी, याच मराठवाड्यात बदनापूर आणि करमाड या स्थानकांदरम्यान सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. मध्य प्रदेशातील उमरिया व शहडोल जिल्ह्यांतील हे तरुण जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामास होते. टाळेबंदीत काम सुटले, तेव्हा भुसावळला गाडी मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने निघाले, रात्रभर चालले आणि थकून रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत, अशी त्यांची समजूत होती. प्रवासी गाड्या खरोखरच बंद होत्या. आली ती इंधनाच्या रिकाम्या टाक्यांची मालगाडी. चालकाने थांबविण्याचा प्रयत्न केला. पण मालगाडी जागच्या जागी थांबत नसते. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र तेव्हा सर्वांनी पाहिले. त्याच्या सहाच दिवस आधी महाराष्ट्रातून लखनौकडे निघालेले अठरा जण इंदूरजवळ काँक्रीट कालवण्याच्या ट्रकच्या पोटात सापडले होते. त्या आठवड्यांत मालाला देशभर हिंडण्याचा परवाना होता, माणसाला नव्हता. म्हणून माणसाने मालाचे रूप घेतले.

यावर रेल्वेचा हिशेबी पक्ष असा, की प्रवासी वाहतूक तोट्याची असून तो तोटा मालभाड्यातून भरून निघतो. हे खरे आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर जनरल डब्यातील प्रत्येक उतारू आजही मालगाडीच्या पाठीवरच बसलेला आहे. पण कोळसा, सिमेंट आणि साखर ज्या श्रमांतून निघतात, ते श्रम कामाच्या जागी पोहोचविणे हा उत्पादनखर्चाचाच भाग नव्हे काय? टाळेबंदीनंतर पॅसेंजर गाड्यांना 'विशेष' ठरवून किमान भाडे दहावरून तीस रुपये करण्यात आले आणि ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ववत झाले. या वीस रुपयांची चर्चा वृत्तपत्रांत फारशी झाली नाही. पानगावच्या फलाटावर ती रोज होत असे.

ऊसतोडीकडे पाहा. फडातून गाळपास जाणाऱ्या उसाच्या वाहतुकीचा दर टनावर आणि अंतरावर ठरतो, वजनकाट्यावर वाद होतात. ऊस तोडणारे जोडपे, त्यांचे तान्हे मूल, पाण्याची टाकी, ज्वारीचे पोते आणि खोपटाचे सामान हे सारे ज्या ट्रकवर वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रात्रभर कोल्हापूर-सांगलीकडे जाते, त्या प्रवासाचा तेवढा काटेकोर हिशेब कोणी ठेवीत नाही. मुकादमाने दिलेल्या उचलीतच तो गडप होतो. ट्रॉली उलटली म्हणजे चार ओळींची बातमी येते.

परळी, लातूर रोड, लातूर, कुर्डुवाडी, मिरज असा सलग लोहमार्ग आज उपलब्ध आहे. ज्या वाटेने पाणी इकडे आले, त्याच वाटेने हंगामाच्या आरंभी मजूर तिकडे आणि शेवटी इकडे, काही विशेष गाड्यांनी का जाऊ नयेत? बसायला डबे आणि मागे सामानाच्या वाघिणी, म्हणजे जुनी 'मिक्स'च. ऊसतोड कामगारांसाठी राज्याचे महामंडळ आहे. भाड्याचा वाटा त्याने आणि कारखान्यांनी उचलावा. कारखाने विखुरलेले आहेत, शेवटचे वीस-तीस किलोमीटर ट्रॅक्टरच लागेल, बैलगाडीवाल्यांचा प्रश्न सुटणार नाही, या अडचणी खऱ्या आहेत. परंतु रात्रभराचा महामार्ग तरी टळेल. कोणत्या गावची किती कोयती कोणत्या कारखान्याला जाणार, हे मुकादमांच्या वह्यांत दसऱ्याच्या आधीच लिहिलेले असते. त्या वह्या महामंडळाने मागवून घ्याव्यात आणि येत्या हंगामात परळीहून निदान एक गाडी सोडून पाहावी.