टेबलावरचा महासंगणक कोणाचा?

अमेरिकेने शक्तिशाली ‘क्रे’ महासंगणक द्यायला नकार दिला आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिथे ‘परम ८०००’ तयार झाला. अजस्र यंत्र मिळत नव्हतं, म्हणून अभियंत्यांनी अनेक छोटे प्रोसेसर जोडून त्यांच्यात काम वाटून दिलं. त्याची क्षमता होती सेकंदाला सुमारे शंभर कोटी आकडेमोडी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने ‘डीजीएक्स स्पार्क’ विक्रीला आणला. तो सहज टेबलावर मावतो, मेमरी १२८ जीबी, तेव्हाची किंमत सुमारे चार हजार डॉलर. कंपनी एक पेटाफ्लॉपचा दावा करते, म्हणजे कागदावर ‘परम’च्या दहा लाख पट. पण हा आकडा चार बिटांच्या ढोबळ आकडेमोडीचा आहे. एआयला ती चालते. हवामानाच्या गणिताला त्याहून खूप जास्त अचूकता लागते. तिथे हे यंत्र महासंगणकाची जागा घेणार नाही.

तरीही मला यात आपल्यासाठी संधी दिसते. एआयची मॉडेल्स आपल्याच खोलीत, इंटरनेटशिवाय चालवता येतात. दवाखान्यातले केसपेपर असोत की सल्ला केंद्रात एखाद्या बाईने विश्वासाने सांगितलेली हकीकत, ती परक्या सर्व्हरवर पाठवावी लागत नाही.

विक्रीला आलं तेव्हा साडेतीन लाखांच्या घरात असलेलं हे यंत्र मोमिनपुऱ्यातल्या एकट्या विद्यार्थ्याला परवडणार नाही. शंभर जणांनी मिळून घेतलं, तर त्या किमतीने प्रत्येकी साडेतीन हजार. नागपुरात आपण महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत जागा घेतोच. त्याच अभ्यासिकेत असं एक यंत्र सामाईक का नसावं? मात्र मुलींना तिथे मुलांइतकाच वेळ मिळाला पाहिजे, हे आधीच ठरवावं लागेल.

यंत्र आणून काम संपत नाही. आपल्या मोहल्ल्यातली उर्दूच्या वळणाची मराठी त्याला कोण शिकवणार? ती बोली रेकॉर्ड करणारे, तपासून लिहून काढणारे हात आपलेच हवेत. त्यासाठी गणित आणि पायथन शिकायला महागडं यंत्र लागत नाही. साधा, जुना लॅपटॉपही पुरतो.

‘परम’ घडला तो छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडल्यामुळे. आपल्यालाही तेच करायचं आहे. तुमच्या अभ्यासिकेत याच महिन्यात हा विषय काढा आणि पहिले दहा जण जमवा.