चेहऱ्याचे हाड मोडते, कागदावर मात्र 'किरकोळ मार'

मारहाण झालेली बाई दवाखान्यात येते. डोळा सुजलेला, ओठ फाटलेला. टाके पडतात, गोळ्या मिळतात आणि केसपेपरवर लिहिले जाते, 'चेहऱ्याला सूज, किरकोळ दुखापत'. नर्स म्हणून असे कागद मी कितीतरी वेळा हाताळले आहेत. सुजेखाली हाड मोडले आहे का, हे पाहिल्याशिवाय 'किरकोळ' लिहू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

चेहऱ्यात नाकाचे हाड सर्वात जास्त मोडते. खालचा जबडा मोडला तर दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, तोंड उघडत नाही, खालचा ओठ बधिर होतो. गालाचे हाड मोडले तर गाल चपटा दिसतो, डोळ्याखाली बधिरपणा येतो, कधी एकाचे दोन दिसतात. जोराच्या माराने वरचा जबडाच सुटा होतो. त्याचे तीन प्रकार फ्रेंच सर्जन रेने ल फोर यांनी १९०१ साली मांडले. नाकातून पाण्यासारखे पातळ येत असेल तर ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. नाक शिंकरू देऊ नका, लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. गालाचा चपटेपणा काही तासांतच सुजेखाली झाकला जातो, म्हणून सूज उतरल्यावर पुन्हा तपासणी हवीच.

हा प्रश्न उपचारापुरता नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड किंवा दात मोडणे ही गंभीर दुखापत आहे. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत, तर गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एक्स-रे काढला नाही, तर मारणाऱ्याचा गुन्हा तिथेच हलका होतो.

वैद्यकीय कागदाची किंमत आपल्या जिल्ह्याला वेगळी सांगायला नको. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पहिल्या शवविच्छेदनावर आक्षेप आले आणि पुरलेले मृतदेह काढून पुन्हा तपासणी करावी लागली. पहिल्या तपासणीत सुटलेले नंतर सापडेलच असे नसते.

म्हणून मारहाणीची केस असेल तर एमएलसी नोंदवायला सांगा. एक्स-रे मागा, गरज असेल तर सीटी स्कॅनही. प्रत्येक जखमेची जागा आणि माप लिहून घ्या, त्याच दिवशी फोटो काढा. जबड्याच्या उपचारासाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. बाई एकटी असेल तर कार्यकर्त्यांनी सोबत जावे. आपण मोर्चे काढतो, ते काढलेच पाहिजेत. पण त्याआधी केसपेपर वाचायला शिकू या.

जयभीम!