नाटककार मालिकेत गेला म्हणून काय झालं?



नाटककार मालिका लिहू लागला की ‘आता हा संपला’ असं आपण पटकन म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. रत्नाकर मतकरींचंच बघा. १९५५ मध्ये त्यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका आकाशवाणीवर झाली. पुढे ‘अलबत्या गलबत्या’सारखी बालनाट्यं लिहिली आणि ‘गहिरे पाणी’ ही मालिकाही. पण टीव्हीपायी त्यांनी मुलांचं नाटक सोडलं नाही. पंचाहत्तरीत ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांना त्यांनी स्वतःच्या जगण्यावर नाटिका लिहायला लावल्या.

आपल्या पेण-रोह्याच्या स्नेहसंमेलनांत मात्र मुलं मालिकांचे संवाद घोकतात. यंदा एक तरी नाटुकलं मुलांनाच लिहू द्या. चुकेल, अडखळेल, पण त्यांचं स्वतःचं असेल.