१८ ला मत, २५ ला आमदारकी. मधल्या सात वर्षांचं काय?

अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेच्या १३ वर्षं आधी, ऑगस्ट १७६३ मध्ये, जालन्याच्या दक्षिणेला गोदाकाठच्या राक्षसभुवनला १८ वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला हरवलं. पेशवेपद तर १६ व्या वर्षीच मिळालेलं! अर्थात, ते घराण्यामुळे. अमेरिकेच्या राज्यघटनेने घराणं बाजूला सारलं, पण प्रतिनिधीगृहासाठी २५ वर्षांची अट घातली. आपल्याकडेही विधानसभा-लोकसभा लढवायला तेवढंच वय लागतं. मग तोवर नुसती बोटाला शाई? नाही. ग्रामपंचायत, महापालिकेसाठी २१ पुरे. जुना जालन्यातल्या दोस्तांनो, वॉर्डातल्या पाण्याचा, रस्त्यांचा हिशेब आत्तापासूनच विचारा. मोठं आडनाव नसलेल्याला तिकीट मागायचं, तर कामच दाखवावं लागतं.