रक्तद्रवातील प्रथिने आणि सर्पदंशानंतरची वीस मिनिटे

भाद्रपद-आश्विनात मूग, उडीद व सोयाबीन बाजारात येऊ लागले की लातूरच्या आडत बाजारातील व नांदेडच्या नव्या मोंढ्यातील गोदामे पोत्यांच्या थप्प्यांनी भरून जातात. धान्यामागे उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप. थप्पीच्या सांदीत हात घालणारा हमाल, अंधारात फेरी मारणारा रखवालदार किंवा बांधावरून घरी परतणारा शेतकरी यांना त्याचा दंश होतो. अशा माणसाला रुग्णालयात नेल्यावर डॉक्टर एक अगदी साधी तपासणी करतात. त्याच्या शिरेतून थोडे रक्त काढून ते कोऱ्या, स्वच्छ व कोरड्या काचेच्या नळीत घालतात आणि नळी न हलविता वीस मिनिटे तशीच ठेवतात. वीस मिनिटांनी नळी तिरपी करून पाहतात. निरोगी माणसाचे रक्त एव्हाना गोठलेले असते. घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात भिनले असेल, तर ते पाण्यासारखे वाहते.

असे का घडते, हे समजण्यासाठी रक्ताची घडण पाहिली पाहिजे. रक्तातील लाल व पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू बाजूला केले, तर फिकट पिवळसर द्रव उरतो. तोच रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा. रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग त्याचा असतो. त्यात सुमारे ९० ते ९२ टक्के पाणी व ६ ते ८ टक्के प्रथिने असतात. उरलेल्या अल्प भागात क्षार, साखर इत्यादी द्रव्ये येतात.

या प्रथिनांचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिले अल्ब्युमिन. एकूण प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक भाग त्याचाच असतो. ते पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवते आणि अनेक औषधे, स्निग्धाम्ले व बिलिरुबिन यांची वाहतूक करते. ते फार घटले की पायांवर सूज येते. दुसरा प्रकार ग्लोब्युलिन. त्यांपैकी काही लोह व स्निग्ध पदार्थ वाहून नेतात, तर गॅमा ग्लोब्युलिन म्हणजे रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिपिंडे होत. तिसरे फायब्रिनोजेन. प्रमाणाने ते अल्प, १०० मिलिलिटर रक्तद्रवात अवघे २०० ते ४०० मिलिग्रॅम. परंतु जखम झाली की त्याचेच तंतू बनतात, तंतूंचे जाळे विणले जाते व रक्ताची वाट बंद होते. अल्ब्युमिन आणि फायब्रिनोजेन यकृतात तयार होतात. प्रतिपिंडे मात्र विशिष्ट पांढऱ्या पेशी बनवितात.

घोणसेचे विष नेमका या तिसऱ्या प्रथिनावर घाला घालते. रक्त गोठविणारी साखळी ते अकारण चालू करते. रक्तवाहिन्यांच्या आतच फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि साठा संपतो. मग दंशाच्या जागेतून, हिरड्यांतून, लघवीवाटे रक्त जाऊ लागते. मूत्रपिंडे निकामी होण्याचा, मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका उभा राहतो. काचेच्या नळीतील न गोठलेले रक्त ही याच रित्या साठ्याची खूण असते.

या विषावरील उपायही रक्तद्रवातील प्रथिनांतूनच मिळतो. मुंबईत परळ येथे १८९९ साली स्थापन झालेल्या हाफकिन संस्थेच्या परंपरेत प्रतिसर्पविषाची निर्मिती महाराष्ट्रात दीर्घकाळ होत आली आहे. घोड्यांना विषाच्या अल्प व क्रमाने वाढत्या मात्रा देतात. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि त्यांच्या रक्तद्रवातून ती वेगळी काढून औषध बनवितात. अहिंसेचा विचार करणाऱ्या वाचकाने या मुक्या जीवाचे ऋण विसरता कामा नये. भारतात मिळणारे हे औषध नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. म्हणून साप मारून रुग्णालयात नेण्याचे मुळीच कारण नाही. बालकालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा देतात, कारण सापाने सोडलेले विष वयाप्रमाणे कमी होत नाही. विष निष्प्रभ झाल्यावर यकृत नवे फायब्रिनोजेन बनवू लागते. त्याला काही तास लागतात, म्हणून नळीची तपासणी सहा तासांनी पुन्हा करतात.

एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने मृत्यू पावले. यांतील पुष्कळ मृत्यू ग्रामीण भागात, उपचार हाती येण्यापूर्वीच झाले. दोरी आवळणे, जखम चिरणे, विष चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांत मोलाचा वेळ जातो. रक्त गोठत नसताना जखम चिरणे तर घातकच. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये, अंगठी व कडे काढावे, त्याला चालवू नये आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयात वाहनाने न्यावे. गंभीर रुग्णासाठी नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे.

पेढीच्या मालकाने करण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. पोती भिंतीपासून हातभर दूर व लाकडी फळ्यांवर रचावीत, सांडलेले धान्य रोज झाडून घ्यावे, रखवालदाराला विजेरी व बूट द्यावेत. गोदामाच्या दाराशी १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि रात्री वाहन देऊ शकणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. रात्री दोन वाजता एखाद्या हमालाला दंश झाला, तर मालकाला विचारण्यासाठी त्याला सकाळपर्यंत थांबावे लागू नये.